साइड

२०१९ मध्ये आम्ही उभयता मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. त्याने ट्रकमागे २४ फुटी ट्रेलर जोडला. आत बिछाने, शेगडी, सगळा संसारच! मोरो बेहून उत्तरेला कार्मेलकडे निघालो. समुद्रकाठचा हायवे वन इथे दुपदरी, वळणावळणाचा. तिकडे गाड्या उजवीकडून धावतात, त्यामुळे उत्तरेला जाताना आपली बाजू डोंगराची, कडा पलीकडे. मुलाने मुद्दाम हीच दिशा निवडली होती. वळणावर ट्रेलरची चाके आतल्या बाजूने जातात, म्हणून तो वळण रुंद घेई. उतारावर ब्रेक दाबून न धरता खालचा गिअर टाकी.

आमची सौ. धारवाडची. ती मागून सारखी म्हणे, "सावकाश होगप्पा!"

मागे ५ गाड्या जमल्या की तो कडेच्या मोकळ्या जागेत ट्रेलर घेई. तिथला कायदाच तसा आहे. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी चिडलो. "किती जणांना साइड देणार?"

तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आंबोली घाटात तुम्ही कुणालाच साइड देत नव्हता. मी मागे डोळे मिटून बसायचो."

मी गप्प झालो. इतकी वर्षे मला वाटायचे, पोराला प्रवासात छान झोप लागते.

पुढे १९३२ साली बांधलेला बिक्सबी पूल जवळ आला. आरशात पाहिले, मागे पुन्हा रांग लागली होती. या वेळी मीच म्हणालो, "थांब रे जरा, जाऊ दे त्यांना."