कबीरचौऱ्याला इयत्ता नसते

काशीत कबीरचौऱ्याच्या गल्लीतून जाताना कुठल्या ना कुठल्या माडीवरून तबला ऐकू येतोच. कंठे महाराज, किशन महाराज हे तबलावादक याच मोहल्ल्यातले. इथल्या तालमीत पाच वर्षांचं पोर आणि मिसरूड फुटलेला मुलगा एकाच सतरंजीवर बसतात. धाकट्यानं बोल नुसते तोंडानं म्हणायचे, हातानं ताल धरायचा. थोरल्यानं तेच बोल बोटांतून काढायचे. कायदा, म्हणजे बोलांची रचना, तोच. पण धाकट्याच्या कानावर पुढच्या दहा वर्षांचं काही पडून राहतं आणि थोरल्याला आपलं मागे पडलेलं पुन्हा ऐकू येतं. मला हेवा वाटतो तो या सतरंजीचा.

सीबीएसईनं २०१९ पासून पहिली ते बारावी कलाशिक्षण सक्तीचं केलं. संगीत, नृत्य, चित्र-शिल्प, नाट्य. आठवड्याला किमान दोन तास. बरंच झालं म्हणायचं. पण दोन तासांत तानपुरा जुळेपर्यंत घंटा होते. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा होत्याच. त्यांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यावर घरोघरी रंगपेट्या आल्या. आमच्या वेळी तर दहावी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताचे सर मागून घेत, आणि आम्हाला, खरं सांगायचं तर, त्याचं काही वाटत नसे.

तरी गल्लीचे गोडवे गाताना जपून गावेत. या माड्यांची दारं सगळ्यांना उघडी नव्हती. गायिका गिरिजादेवींना वडिलांच्या हौसेमुळे लहानपणीच गुरू मिळाले. पण मोठ्या घरातल्या बाईनं चारचौघांत गावं, हे घरच्या बायकांनाच रुचलं नाही. जिच्या वडिलांना ती हौस नव्हती, तिचं काय झालं असेल? गाणं घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर काढायचं तर ते लिहायला हवं, वर्गात शिकवायला हवं, ही पंडित भातखंड्यांची धडपड. बडोदे, दिल्ली आणि मग १९१९ मध्ये बनारस, अशा त्यांनी संगीत परिषदा भरवल्या. पुढे १९५० मध्ये हिंदू विश्वविद्यालयात संगीताचं महाविद्यालय निघालं, तेव्हा त्याची धुरा आली विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे. म्हणजे काशीच्या वर्गात गाणं नेण्याला महाराष्ट्राचाही हातभार लागला.

याच काशीत, वरुणा जिथे गंगेला मिळते तिथे, राजघाटावर, तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींची १९३४ पासूनची शाळा आहे.  मुलांची एकमेकांशी तुलना करू नका, हा कृष्णमूर्तींचा आग्रह. त्यांच्या शाळांत सकाळी लहानमोठी मुलं एकत्र बसून गातात. तिथे पहिला नंबर कुणाचा, हा प्रश्नच नसतो. तालमीतली सतरंजी आणि भातखंड्यांचं उघडं दार, दोन्ही एकाच ठिकाणी असू शकतात, असं मला वाटतं ते यामुळे.

म्हणून कुठल्याही शाळेनं आठवड्यातला संगीताचा निदान एक तास तिसरी आणि नववीला एकत्र बसवून पाहावा. वेळापत्रक लावणाऱ्या बाई वैतागतील, त्यांचं चुकीचंही नाही. नववीतल्यांना पहिल्यांदा कमीपणा वाटेल. मग समोरचं चिमुरडं ‘तिरकिट’ला अडखळलं की त्यांच्यातलाच कुणीतरी न सांगता पुढे सरकून त्याला ते फोडून सांगेल, आणि सांगताना स्वतःची चूकही त्याच्या ध्यानात येईल.