अक्काला, जोगेश्वरीहून

जोगेश्वरी (पूर्व), सोमवार सकाळ

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. लातूर एक्स्प्रेसने दादरला उतरलो, तिथून पश्चिमेची धीमी लोकल धरली. सामान दादाच्या खोलीवर टाकलं आणि लिहायला बसलो.

जोगेश्वरीच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आठवली. त्या दिवशी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक इथला. १८० हून जास्त माणसं गेली, बहुतेक कामावरून घरी निघालेली. २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. मग आमचा माणूस मारला कुणी, हे त्या घरांनी आता कुणाला विचारायचं? पोलीस झाले, कोर्ट झालं. अशा वेळी माणूस देवाकडे वळतो तो श्रद्धा वाढली म्हणून नाही, अक्का. विचारायला दुसरं कुणी उरत नाही म्हणून.

तुला हे मुद्दाम लिहितोय. आपलं पोर गेलं आणि भेटायला आलेला जो तो तुला ‘देवाची मर्जी’ म्हणून गेला. तू देवघरातला दिवा लावायचं सोडलंस. आईला ते फार लागलं, मला नाही. ‘देवाची मर्जी’ हे रडणाऱ्याला गप्प करायचं वाक्य आहे. ते बोलणाऱ्याला उठून घरी जायची घाई असते. त्या वाक्यावर तू रागावलीस, यात तुझं काही चुकलं नाही.

बाकी उद्या-परवा लिहितो. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
धाकटा


जोगेश्वरी, बुधवार दुपार

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

आज लेणी पाहिली. चहूबाजूंनी वस्ती, रिक्षांचा गलबला, आणि मधेच पायऱ्या खाली कातळात उतरतात. सहाव्या शतकातलं हे शैव लेणं, घारापुरीच्याही आधीचं म्हणतात. दगड ठिसूळ आहे. रावण कैलास हलवतोय, शिवपार्वती सारीपाट खेळताहेत, त्यांचं लग्न लागतंय. सगळं कोरलेलं आहे, पण चेहरे पार झिजून गेलेत. हात, कंबर, मांडी एवढंच हाताला लागतं. तरी लोक समोर उभे राहून नमस्कार करतात. मोठ्या मंडपाच्या मधोमध चारी बाजूंना दारं असलेला गाभारा. त्यात जोगेश्वरी देवीच्या पादुका आहेत, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं.

तिथे एक बाई होत्या, साधारण आईच्या वयाच्या. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल आणलं होतं. बाटलीचं टोपण भरून तेल मोजलं, समईत घातलं, वात पुढे सरकवली. हे सगळं करताना तोंडाने देवीशी भांडण चालू होतं. “तुला डोळे आहेत ना? मग तेव्हा कुठे गेली होतीस? मी काय वाईट केलं होतं तुझं?” रांगेतल्या कुणी त्यांना थांबवलं नाही. पुजाऱ्यांनी प्रसाद दिला, तो त्यांनी पदरात बांधला आणि दोन्ही हातांनी खांब धरत बाहेर गेल्या.

मला तुकोबा आठवले. १६३० च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बुडाला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. आपण समजतो की त्या दुःखातून ते थेट भजनात रंगले. तसं नाही. देहूतलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते आधी दुरुस्त करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि सुरुवातीला त्यात मन नव्हतं, हेही ते लपवत नाहीत. मला हा कबुलीजबाब त्यांच्या सगळ्या थोरवीपेक्षा जवळचा वाटतो. आधी हात कामाला लागले, मन किती तरी मागून आलं. आणि पुढे विठ्ठलाशी ते जे भांडले, ते काय थोडं? आपल्या वारकऱ्यांनी देवाला निष्ठुर म्हणायलाही कमी केलं नाही, आणि असं म्हटलं म्हणून कुणाची पंढरी सुटली नाही.

म्हणून आईला मी फोनवर सांगितलं, अक्काच्या मागे लागू नकोस. दिवा लावायचा तर ती लावेल, नाही तर नाही. रागाने का होईना, तिचं देवाशी बोलणं चालू असेल, ते आपल्याला ऐकू यायलाच हवं असं थोडंच आहे?

एक विचारायचं राहिलं. निघताना आईने खण-नारळ दिलाय, तुझ्या नावाने देवीची ओटी भरायला. आपली अंबाजोगाईची योगेश्वरी तीच ही, असं तिचं म्हणणं. तुला न विचारता मी भरणार नाही. शुक्रवारपर्यंत इथे आहे, हो की नको तेवढं कळव. ‘नको’ असेल तर नारळ दादाकडे ठेवतो आणि खण परत घेऊन येतो. आईला मी समजावीन.

तुझा,
धाकटा