एका मिलिसेकंदाची खरेदी

गेल्या वर्षी भाताची मळणी आटोपल्यावर आम्ही बेळगावास जाऊन आमच्या धाकट्या कन्येसाठी संगणकाचा एक मॉनिटर विकत आणला. वस्तू तशी लहान. परंतु शेतकऱ्याच्या घरात अशी वस्तू येते तेव्हा तिच्यामागे भाताची किती पोती उभी असतात, हे आमच्या वाचकांस निराळे सांगणे नको. कन्या घरी बसून हिशेब लिहिण्याचे आणि मजकूर जुळविण्याचे काम करते. घराचा निम्मा भार आज तिच्या मिळकतीवर आहे. जुन्या लॅपटॉपच्या लहानशा पडद्यावर आकड्यांचे रकाने वाचता वाचता ती त्रासून गेली होती, म्हणून ही खरेदी.

दुकानात २४ इंचांचे दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले होते. एकाच्या खोक्यावर प्रतिसाद-काळ, म्हणजे रिस्पॉन्स टाइम, ५ मिलिसेकंद असे छापले होते. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत १ मिलिसेकंद. दुसऱ्याची किंमत दोन हजार रुपयांनी अधिक. कन्या म्हणाली, "बाबा, मला पाचाचा पुरे. अक्षरे दोहोंवर सारखीच दिसतात." पण हट्ट धरला तो आम्ही. पाचांहून एक लहान, तेव्हा तो पाचपट चपळ, असा सरळ हिशेब आम्ही केला आणि जास्तीचे दोन हजार मोजले. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, एवढेच त्या दिवशी आम्हांस ठाऊक होते.

घरी आल्यावर आम्हांस असे आढळले की, '१ मिलिसेकंद' नावाची सोय मॉनिटरच्या यादीत आहे खरी, पण ती बंद ठेवलेली आहे. ज्यासाठी पैसे दिले ते बंद का असावे? आम्ही स्वतःच्या हाताने ती चालू केली. पडदा थोडा मंद झाला आणि त्याचा उजेड वाढविता येईना. मंद उजेड डोळ्यांस बराच, असे म्हणून आम्ही समाधान मानले.

आगमनकाळ लागला तसे कन्येचे डोके दुखू लागले. आरंभी सायंकाळी, मग दुपारपासूनच. काम अर्धे टाकून ती डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन ओसरीत बसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, चष्म्याचा नंबर बदललेला नाही, डोळे निरोगी आहेत. त्याने आमची काळजी कमी न होता वाढलीच. रात्रीच्या रोझरीत तिच्या डोळ्यांसाठी वेगळी विनंती होऊ लागली. एके दिवशी तिने हळूच सांगितले की, निम्मे काम परत करावे असे मनात आहे. तिच्या आईने त्यावर काहीच उत्तर दिले नाही. ते मौन आम्हांस फार जड गेले. नव्या मॉनिटरवर मात्र कोणाचा संशय गेला नाही. तो तर महाग होता!

नाताळच्या सुट्टीत आमचा भाचा आला. संगणक हाच त्याचा व्यवसाय आहे. हकीकत ऐकून त्याने पडद्यावर एक पांढरे पान उघडले, मेजावरची पेन्सिल उचलली आणि पडद्यासमोर ती पंख्यासारखी झरझर हलवून विचारले, "मामा, किती पेन्सिली दिसतात?" पाच-सहा तरी दिसत होत्या, एकमेकींपासून सुट्या, जणू कोणी कातरून चिकटविल्या आहेत. त्याने यादीत जाऊन ती '१ मिलिसेकंद'ची सोय बंद केली. पडदा एकदम उजळला. पुन्हा पेन्सिल हलविली तेव्हा एकच अस्पष्ट पट्टा दिसला, जसा दिवसाच्या उजेडात दिसतो तसा. "आत्तापर्यंत हा दिवा सारखा लुकलुकत होता, मामा," तो म्हणाला.

त्याने जे समजाविले ते आमच्या कुवतीप्रमाणे येथे मांडतो. अशा पडद्यात द्रवस्फटिक नावाचा पदार्थ असतो. १८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास तो प्रथम आढळला: १४५.५ अंशांवर वितळून गढूळ द्रव होणारा आणि १७८.५ अंशांवर पुन्हा स्वच्छ होणारा. धड घन नव्हे, धड द्रव नव्हे. या पदार्थाचे कण विजेने वळतात आणि मागच्या दिव्याचा उजेड कमीअधिक जाऊ देतात. परंतु वळण्यास त्यांना वेळ लागतो, आणि तोच प्रतिसाद-काळ. आपल्या गायनवृंदाची जुनी पेटी आठवावी. एक पट्टी सोडून दुसरी दाबली तरी पहिला सूर किंचित रेंगाळत राहतो आणि पुढच्या सुरात मिसळतो. पडद्यावर हलणाऱ्या वस्तूमागे जी छाया ओढली जाते ती अशीच.

हा काळ मोजण्याच्या रीती मात्र अनेक आहेत, आणि आम्ही फसलो ते येथे. पूर्वी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ धरीत. पुढे एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जाण्याचा वेळ धरू लागले. त्याला जीटीजी म्हणतात. छटांच्या जोड्या पुष्कळ, आणि त्यांपैकी सर्वांत चपळ जोडीचा आकडा खोक्यावर छापला तरी तो खोटा ठरत नाही. तिसरे माप एमपीआरटी. हे माप स्फटिकाच्या वळण्याचे नव्हेच; हलणारे चित्र डोळ्यांस किती पुसट दिसते, याचे ते माप आहे.

भाच्याने कागदावर आकडे मांडून दाखविले. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी स्थिर असते. आपला डोळा मात्र हलत्या वस्तूमागे अखंड सरकत असतो. सेकंदास ९६० ठिपके वेगाने सरकणारी रेघ म्हणून डोळ्यांस १६ ठिपके रुंद फासल्यासारखी दिसते, मग स्फटिक क्षणात का वळेना! १२० चित्रे दाखविली तर हे फासणे ८ ठिपक्यांवर येते. दुसरा उपाय असा की, प्रत्येक चित्राच्या वेळी मागचा दिवा क्षणभरच पेटवावा आणि उरलेला वेळ विझवून ठेवावा. आमच्या मॉनिटरने हेच केले होते. सेकंदास ७५ वेळा दिवा पेटे आणि विझे; म्हणून पडदा मंद आणि म्हणून पेन्सिली सहा. ही लुकलुक पुष्कळांस जाणवतही नाही, पण काहींचे डोळे व डोके तिने शिणतात. आमची कन्या त्यांपैकी एक.

मग त्याने माहितीपुस्तकातील बारीक अक्षरांवर बोट ठेवले. आमच्या मॉनिटरचा जीटीजी ५ मिलिसेकंदच लिहिलेला होता. म्हणजे दुकानातील त्या दोन मॉनिटरांच्या चपळाईत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. एकाचे धान्य शेराने मापले होते, दुसऱ्याचे पायलीने, आणि आम्ही नुसते आकडे पाहून भाव केला होता. दुकानदारास दोष देता येत नाही. खोक्यावर '१' च्या पुढे ती चार अक्षरे छापलेली होती; आम्ही ती वाचली नाहीत.

आमच्या भाच्यास खेळांचा नाद आहे (त्याच्या आईस तो मुळीच पसंत नाही), आणि तो म्हणतो की, धावत्या खेळात प्रतिसाद-काळाला खरोखर किंमत आहे. सेकंदास १४४ चित्रे म्हटली तर एका चित्राच्या वाट्याला ६.९ मिलिसेकंद येतात. त्याहून स्फटिक सावकाश वळत असतील तर एक चित्र पुरे होण्याआधीच दुसरे येऊन आदळते. व्हीए जातीच्या पडद्यांवर काळा रंग गडद व सुंदर दिसतो, पण काळोख्या छटा बदलताना त्यांपैकी पुष्कळ रेंगाळतात. आयपीएस जातीचे रंग बाजूने पाहिले तरी बिघडत नाहीत. टीएन जात चपळ, पण बाजूने फिकी. ओएलईडी पडद्यांत स्फटिकच नाहीत, त्यांचा वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी. मात्र त्यांची किंमत ऐकून आम्ही पुढे विचारले नाही. चपळाई वाढविण्यासाठी स्फटिकांस जादा विजेचा धक्का देण्याचीही सोय असते, तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. दार जोराने लोटले तर ते भिंतीवर आपटून उलटे येते, तसे येथेही होते. ती सोय शेवटच्या पायरीवर नेली तेव्हा सरकत्या काळ्या अक्षरांमागे पांढरी किनार दिसू लागली. त्याने ती मधल्या पायरीवर आणून ठेवली. मापांचा हा गोंधळ कमी व्हावा म्हणून २०२२ साली व्हेसा या संस्थेने क्लिअरएमआर नावाची नवी प्रत लावण्यास आरंभ केला आहे. त्यात मिलिसेकंदांऐवजी स्पष्ट व पुसट ठिपक्यांचे प्रमाण पाहतात.

हिशेबाचे रकाने मात्र धावत नाहीत. ते वर-खाली सरकविताना ५ मिलिसेकंद पुरून उरतात. कन्येच्या कामासाठी पाहावयास हवे होते ते निराळेच: अक्षरांची रेखीवता, न लुकलुकणारा दिवा, आणि बैठकीप्रमाणे उंची बदलता येणारा पाया. आमच्या मॉनिटरचा पाया हलत नाही. जुन्या पंचांगांचे दोन गठ्ठे त्याखाली ठेवले आहेत.

ती सोय बंद केल्यावर चौथ्या दिवशी कन्येने सबंध दुपार काम केले. तीन राजांच्या सणापर्यंत डोकेदुखी राहिली नव्हती, आणि काम परत करण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आम्ही तिची क्षमा मागितली तेव्हा ती हसून म्हणाली, "बाबा, मी पाचाचाच मागितला होता, आणि तुम्ही पाचाचाच आणलात." दोन हजारांचा उल्लेख तिने केला नाही. तिच्या आईने केला.