उष्मांकाची दोन मापे

उष्मांक हा शब्द आमच्या पिढीने प्रथम ऐकला तो दारिद्र्याच्या संदर्भात. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. मुलेबाळे धरून दरडोई रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो दरिद्री, अशी रेषा त्यांनी आखली. माणसाला किमान किती मिळावे, हे सांगणारा तो आकडा होता. आज तोच शब्द भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकतो, पण प्रश्न उलटा झाला आहे: आज किती जाळले?

पालीत ही दोन्ही मापे एकाच वाटेवर भेटतात. बल्लाळेश्वराच्या देवळामागे सरसगड उभा आहे. पहाटे वजन उतरवण्यासाठी त्याच्या चढणीला लागणारी मंडळी आम्ही पाहतो, आणि रानातून सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन येणाऱ्या कातकरी बायकाही पाहतो. एकीला खाल्लेले जाळायचे आहे. दुसरीला या श्रमांना पुरेल इतके खायला मिळायचे आहे. शरीराला मात्र यांतला हेतू कळत नाही. त्याला कळते ती केवळ तूट.

आमच्या परिचयातील एक महाविद्यालयीन मुलगी या चढणाऱ्यांत होती. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी-गाजर, रात्री एक भाकरी आणि रोज गड. पहिल्या महिन्यात वजन झरझर उतरले. साऱ्यांनी कौतुक केले. तिसऱ्या महिन्यात काटा अडला, केस गळू लागले, पाळी थांबली. चढणीवर ती मध्येच बसू लागली. यावर तिने काढलेला उपाय म्हणजे ती एक भाकरीही अर्धी करणे.

शरीर असे का वागते, याचे सविस्तर उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. रोज सुमारे १५७० उष्मांक आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. पण नाडी मंदावली, अंगात थंडी भरली, शरीराने आपला खर्चच आखडता घेतला. त्याहून विलक्षण म्हणजे त्यांचे मन अन्नाखेरीज कशात रमेना. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. भूक माणसाची वाचनाची आवडदेखील बदलून टाकते.

या प्रयोगातले उपासमारीचे ताट १५७० उष्मांकांचे होते. आज बाराशेचे ताट आहार म्हणून सर्रास सुचवले जाते. पुरुषाची व स्त्रीची गरज सारखी नसते, हे मान्य करूनही ही तुलना अस्वस्थ करते. व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडले की पाळी, हाडे, प्रतिकारशक्ती आणि मन या साऱ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या स्थितीला सापेक्ष ऊर्जान्यूनता अशा अर्थाचे नाव दिले आणि ती पुरुषांनाही जडते, हे स्पष्ट केले.

वजन उतरवायचे तर खर्चापेक्षा जमा कमी हवी, यात वाद नाही. वाद आहे तो किती कमी, याचा. तूट लहान असेल तर शरीर साठवणीतील चरबी काढून देते. फार मोठी असेल तर चरबीबरोबर स्नायूही मोडीत काढते आणि मग एकेक दिवा मालवू लागते. त्या मुलीला डॉक्टरांनी औषधाच्या आधी जेवण लिहून दिले: नाचणीच्या भाकऱ्या, कडव्या वालांचे बिरडे, अंडी, ताक. रोजचा गड आठवड्यातून तीन दिवसांवर आला. काही महिन्यांनी पाळी परतली. आता वजनही उतरते आहे, सावकाश. मात्र ताटातली दुसरी भाकरी ती अजूनही अपराध्यासारखी उचलते.

आम्हांला खरी चिंता वाटते ती या अपराधी भावनेची. आपल्या जुन्या भाषेत पोटातील आगीला जठराग्नी म्हणत, आणि अग्नीला आहुती द्यावी लागते हे त्या शब्दातच गृहीत होते. नव्या भाषेने जाळणे तेवढे उचलले आणि आहुती गाळली. ज्या तालुक्यात कुणाची दुसरी भाकरी परिस्थिती काढून घेते, तिथे हाती असलेली भाकरी लाजेने खाली ठेवण्याचे शिक्षण आपण आपल्या मुलींना का द्यावे?