जुनी गाडी आणि चालता संसार

मनुष्यास एखादा छंद असावा, असें सर्व शहाणे लोक सांगतात. परंतु छंद आणि संसार यांचें भांडण लागल्यास त्याचा निवाडा कसा करावा, हें फारसें कोणी सांगत नाहीं. ज्यास पोस्टाचीं तिकिटें जमविण्याची आवड आहे, त्याचें एका लहानशा पेटींत भागतें. आमचा छंद अंगणांत उभा आहे. त्यास चार चाकें आहेत, त्याचें वजन सुमारें नऊशें किलो भरतें, आणि मृगाचे ढग दिसूं लागले कीं त्यावर ताडपत्रीचें पांघरूण घालावें लागतें. ही आमची १९७२ सालची फियाट ११०० मोटार होय.

विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांनीं ही गाडी रस्त्यावर धांवतांना पाहिली नसेल. त्यांच्या आईवडिलांनीं मात्र खचित पाहिली असेल. १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईंत कुर्ला येथील तिच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर मोटारी तयार होऊं लागल्या. याच गाडीस १९७४ सालीं 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव मिळालें. काळीपिवळी टॅक्सी होऊन तिनें मुंबईची दोन पिढ्या सेवा केली. त्या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें सेवेंतून निघाली. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, तो तो काळ. म्हणून आमच्या वडिलांनीं १९८४ सालीं ही गाडी जुनीच घेतली आणि सव्वीस वर्षें चालविली. तिच्यांतून तांदळाचीं पोतीं घरीं आलीं, आजारी शेजारी रात्रीं अपरात्रीं दवाखान्यांत गेले, आणि आमची धाकटी बहीण सासरीं गेली तीही तिच्यांतूनच. पुढें वडिलांचे हातपाय थकले आणि गाडी अंगणांत उभी राहिली.

आम्ही वसईस राहतों. समुद्राची हवा माणसांस मानवते, पत्र्यास मानवत नाहीं. लोखंड, पाणी आणि प्राणवायु यांचा संयोग झाला कीं गंज चढतो; त्यांत पाणी खारें असेल तर त्यांतून विद्युत् अधिक सुलभतेनें वाहते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून त्यावरील रंगास फोड येतो. तो फोड फुटला कीं आंत पुन्हां पाणी शिरतें. शिवाय या गाडीस ट्रकसारखा निराळा सांगाडा नाहीं; तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. यास्तव दाराखालचा पत्रा कुजणें म्हणजे केवळ रूप जाणें नव्हे, गाडीचें बळच जाणें होय. आम्हीं गाडी पुन्हां उभी करण्याचें मनांत आणलें, तें हौसेनें खरेंच. पण आणखी दोन पावसाळे गेले असते, तर उभें करण्यासारखें कांहीं उरलें नसतें, हेंही तितकेंच खरें.

आतां आमच्या दिनक्रमाकडे पाहा. सकाळच्या लोकलनें चर्चगेट गाठावें, संध्याकाळीं त्याच गर्दींतून परतावें. बाजार, विजेचें बिल, वडिलांचीं औषधें, आणि आठवींत शिकणाऱ्या कन्येचें गणित. इतकें झाल्यावर जो वेळ उरतो त्यास झोप म्हणतात. म्हणून आम्हीं आणि सौभाग्यवतींनीं मिळून दोन नियम ठरविले. गाडीस रविवारीं सकाळीं सहापासून दहापर्यंत वेळ मिळेल, त्याहून अधिक नाहीं. आणि दरमहा अडीच हजार रुपये मिळतील. तेही शाळेची फी, किराणा आणि औषधें यांचे पैसे बाजूस काढल्यानंतर. या दोन्ही गोष्टींची नोंद एका वहींत होई, आणि ती वही सौभाग्यवतींच्या कपाटांत राही.

एका कारागिरानें संपूर्ण कामाचा अंदाज पंच्याऐंशी हजार रुपये सांगितला. एवढी रक्कम ऐकून प्रथम छाती दडपली. परंतु तपशील मागून घेतला तेव्हां मोठी मौज कळली. प्रायमर, लांबी, रंग, हार्डनर, थिनर मिळून माल चोवीस हजारांचा. कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे सोळा हजार. आणि उरलेले पंचेचाळीस हजार केवळ खरवडणें, घासणें, लांबी भरणें आणि फवारणें यांची मजुरी. म्हणजे रंगाचा खरा खर्च डब्यांत नसून हातांत आहे. चकचकीत रंग हा शेवटचा आणि सर्वांत पातळ थर. त्याच्या खालीं दिवसच्या दिवस घासणें असतें. तें घासणें आम्हीं आपल्याकडे घेतलें, तेव्हां एकंदर अंदाज पंच्याऐंशी हजारांवरून अठ्ठावन्न हजारांवर आला.

घासण्याचें कामही वाटतें तितकें निरुपद्रवी नव्हे. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटें किंवा हातावाटें पोटांत जाणें लहान मुलांस विशेष घातक असतें. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घरांत आणावयाचा नाहीं, असा सौभाग्यवतींचा दंडक होता. सारें काम ओल्या कागदानें, तोंडावर योग्य मुखवटा बांधून. मुलांनीं दूर राहावें. आणि निघालेला गाळ गोळा करून निराळा ठेवावा. कन्येस जुना रंग पूर्ण निघून पत्रा धुतल्यावरच, नव्या लांबीवर पाणी शिंपडण्याचें काम मिळालें. आणि तेंही घरचा अभ्यास झाल्यावर.

फवारणी मात्र आम्हीं स्वतः करण्याचें मनांतही आणलें नाहीं. कारागीर मोटारीच्या रंगास अजूनही 'ड्यूको' म्हणतात. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें १९२३ च्या सुमारास या नांवाचा लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठीं आणला, आणि ज्या रंगकामास पूर्वी आठवडे लागत तें तासांवर आलें. परंतु दमट हवेंत त्याचें द्रावण झपाट्यानें उडतांना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमतें आणि रंग धुरकट पडतो. म्हणून कोंकणांतील पावसाळा हा रंगाचा शत्रु. हल्लींचे दोन भागांचे टिकाऊ रंग वापरावे, तर त्यांच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट असतें. त्याच्या फवाऱ्यानें दमा जडूं शकतो, आणि तोंडावर रुमाल बांधल्यानें तें अडत नाहीं. त्यासाठीं बंद खोली आणि बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. जेथें घासणें स्वतः करून पैसा वांचतो तेथें वांचवावा; जेथें फुप्फुसांचा प्रश्न येतो तेथें जाणत्याची मजुरी आनंदानें द्यावी.

रंग कोणता द्यावा, यावरही घरांत बरेच दिवस खल झाला. गाडी मुळांत गडद लाल. पांढऱ्या रंगांतील टायटॅनियम डायऑक्साइड खालचा थर उत्तम झांकतें. चांगल्या लाल रंगाचें द्रव्य महाग, आणि तें झांकण्यांत दुबळें असल्यामुळें हात अधिक मारावे लागतात. पांढरा घेतल्यास सहा हजार रुपये सहज वांचत होते. सौभाग्यवतींनीं वही पुढें केली. वडील इतकेंच म्हणाले, "पांढरी गाडी चांगली दिसेल रे; पण ती दुसऱ्या कोणाची वाटेल." सौभाग्यवतींनीं वही मिटली, आणि लाल रंग कायम झाला.

वीस महिन्यांत पन्नास हजार रुपये जमले. त्यांपैकीं सोळा हजार पत्र्यास आणि तीन हजार कागद व प्रायमर यांस गेले. एकतीस हजार शिल्लक राहिले. त्याच सुमारास वडील एका संध्याकाळीं ओटीच्या पायरीवर ठेंचाळले. उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदु पिकत आला होता. डॉक्टरांनीं विलंब न करण्याचें सांगितलें. शस्त्रक्रिया आणि भिंग यांस अठ्ठावीस हजार रुपये लागणार होते. वडील म्हणाले, "माझें काय, एक डोळा पुरे, गाडी आधीं होऊं द्या." वाचकहो, त्या क्षणीं आमच्या मनांत जें झालें तें सांगण्यास शब्द अपुरे आहेत. ज्या गाडीनें त्यांनीं आयुष्यभर दुसऱ्यांस दवाखान्यांत पोंचविलें, तिच्या रंगासाठीं ते आपला डोळा थांबवावयास निघाले होते! आम्हीं त्यांना उत्तर दिलें नाहीं. वहींत 'रंग' या रकान्यांतून अठ्ठावीस हजार वजा केले आणि 'बाबांचा डोळा' असा नवा रकाना आंखला.

गाडीस थांबतां येत होतें, याचेंही कारण आहे. साधा प्रायमर सच्छिद्र असल्यामुळें ओल शोषतो आणि पत्रा आंतून गंजूं लागतो. आम्हीं एपॉक्सी जातीचा प्रायमर लावला होता. तो पाणी अडवितो. झांकून ठेवल्यास त्याच्या आश्रयानें पत्रा बराच काळ सुरक्षित राहतो, आणि रंग देण्यापूर्वीं त्यास पुन्हां हलकें घासलें म्हणजे झालें.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी निघून कांहीं दिवस लोटल्यावर वडील गाडीजवळ गेले, डाव्या दाराखालीं वांकून पाहूं लागले, आणि म्हणाले, "येथें अजून खोलगा आहे. आतां मळकट प्रायमरमध्यें दिसत नाहीं, पण रंग चमकूं लागला कीं रस्त्यापलीकडून दिसेल." बोट लावून पाहिलें तों गोष्ट खरी! निस्तेज पृष्ठभागांत उंचसखलपणा लपतो, चकाकणाऱ्या पृष्ठभागांत तो उघडा पडतो. आतां दर रविवारीं ते खुर्ची टाकून बसतात आणि तपासनीसाचें काम करितात. त्यांच्या हाताखालीं काम करणें सोपें नाहीं.

सध्यां 'रंग' या रकान्यांत तीन हजार रुपये आहेत, आणि आणखी छत्तीस हजार हवे आहेत. दरमहा अडीच हजारांनीं हिशेब केल्यास पंधरा महिने. दरम्यान कागदपत्रांचाही विचार झाला. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील मोटारींसाठीं सरकारनें २०२१ सालीं निराळ्या नोंदणीचे नियम केले आहेत. परंतु तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. आमच्या वडिलांस ती बाजारांत न्यावयाची आहे. म्हणून दर पांच वर्षांनीं तपासणी करून घेण्याची साधी नोंदणीच आम्हीं पसंत केली.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही छंद असतील. ते अवश्य जोपासा. मात्र त्यांस वेळेचें कुंपण आणि पैशाचें माप घालून द्या, म्हणजे घरच्यांस ते जाचणार नाहींत आणि तुम्हांसही ते सोडावे लागणार नाहींत. आणि पालकहो, मुलांस तयार झालेल्या वस्तूची चकाकी दाखविण्यापूर्वीं तिच्या खालचें घासणें एकदां अवश्य दाखवा. आमच्या कन्येनें परवां वहीचें शेवटचें पान पाहून विचारलें, "पंधरा महिन्यांनीं पुन्हां पावसाळा आला तर?" आम्ही म्हणालों, "तर सतरा." तिनें तसें पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे.