सर्व स्थळे काल्पनिक

कसाऱ्याहून मुंबईकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती आमच्या उंबरमाळीला. त्यामुळे आम्हांला खिडकीची जागा मिळते. हे सुख केवढे आहे ते मुंबईकराला निराळे सांगायला नको. खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद अशी स्टेशने मागे पडत जातात, गाडी भरत जाते आणि टिटवाळ्याच्या सुमारास उभ्या माणसांच्या पिशव्या आपल्या मांडीवर येऊन विसावतात. पण तोवर माझे काम झालेले असते. आजवरच्या माझ्या सहा पुस्तकांची मुद्रिते मी या खिडकीत बसून तपासली आहेत. उडते घोडे, बोलके डोंगर, तीन तोंडांचा एक राक्षस, सगळ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका खर्डी ते कल्याण एवढ्या टापूत निस्तरल्या आहेत. एकदा पावसाळ्यात शेजारी कंटोळ्यांची पाटी घेऊन बसलेल्या बाईने विचारले, "गुरुजी, पेपर तपासता का?" मी हो म्हटले. एका अर्थी ते खरेच होते.

मी अद्भुत कादंबऱ्या लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करता करता लिहू लागलो, निवृत्तीनंतरही लिहितो आहे. गावात याची फारशी वार्ता नाही. 'गुरुजींचं कायतरी लिवणं चालू असतं' इतपत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला तेवढे पुरते. शहरातले वाचक कधीमधी भेटतात, तेव्हा मात्र त्यांची थोडी निराशा होते असे दिसते. अद्भुत लिहिणारा माणूस निदान थोडा तरी अद्भुत असावा, अशी त्यांची अपेक्षा असते. माझी सकाळ दळण टाकणे, वीज असेल तोवर मोटार लावणे आणि कोंबड्या उघडणे यांत जाते. दुपारी लिहितो. संध्याकाळी लिहिलेले खोडतो.

या धंद्यातल्या वडीलधाऱ्यांचीही तीच कथा. नाथमाधव सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. अंथरुणाला खिळलेला हा माणूस आधी वाचू लागला, मग लिहू लागला, आणि १९१३ साली त्याची 'वीरधवल' निघाली. घोड्यावरून दौडणारी ती सारी माणसे, त्या खिंडी, ती कारस्थाने एका न उठणाऱ्या माणसाच्या उशाशी जन्मली. पुस्तकातले वारे घरातल्या वाऱ्यापेक्षा निराळ्या दिशेने वाहतात. ते तसे वाहावेत म्हणून तर लिहायचे, असे मी समजत आलो. आपल्याकडे ही तऱ्हा जुनीच आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरीला घरातल्या माजघराची वाट दाखवली आणि अद्भुत लिहिणारे आम्ही जरा ओटीवरच राहिलो. गंमत अशी, की 'मुक्तामाला' निघाली त्याच १८६१ साली आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली. तिला घाट चढून इगतपुरीला जायला पुढे चार वर्षे लागली. त्या काळी या डोंगरांतल्या माणसांना दोहोंपैकी अधिक अद्भुत काय वाटले असेल, हे सांगायला पंडित नको.

असो. सांगायचे आहे ते सातव्या पुस्तकाविषयी. गेल्या आश्विनात ते निघाले. नाव लिहीत नाही; जाहिरात केल्यासारखे होईल.

त्यात एक डोंगरी राज्य आहे आणि समुद्राकाठी एक नगरी आहे. नगरीला तहान फार. डोंगरचा राजा आपल्या नद्या तिला देऊन टाकतो, आणि नद्या अडवल्या जातात तिथली गावे पाण्याखाली जातात. पण ती मरत नाहीत. पाण्याखाली चुली पेटतात, जाती फिरतात, आणि वर्षातून एकदा एक राणी तळाशी उतरून आपल्या जुन्या घराचा चांदीचा उंबरा ओलांडून येते.

शहापूर तालुक्यातल्या माणसाला हे कुठून सुचले, असे कोणी विचारणार नाही. मुंबईसाठी तानसाचे धरण १८९२ साली झाले, मोडकसागर १९५७ साली, मध्य वैतरणा २०१४ साली. भातसा यांत सर्वांत मोठे. मुंबईच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा तिथूनच जातो. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. माझ्या प्रकाशकांच्या कचेरीत गेलो की ते आधी पाण्याचा पेला पुढे करतात. "घ्या, तुमच्याच गावचं आहे," असे मी एकदा त्यांना म्हटले. ते हसले. मीही हसलो. विनोद चांगला साधला म्हणून मी तो परतीच्या गाडीत वहीत टिपून ठेवला. लेखकाचा स्वभाव हा असा.

चांदीचा उंबरा मात्र मला वहीत सापडलेला नव्हता. तो मी एका आजींकडून घेतला. 'घेतला' हा शब्द मी आज वापरतो. लिहिताना 'सुचला' असे म्हणत होतो.

या आजी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात. सत्तरीच्या दशकात भातसाचे धरण बांधले जात होते, तेव्हा त्यांचे सासरचे गाव बुडिताखाली गेले. निघताना लोकांनी कौले उतरवली, वासे सोडवले, दारे-खिडक्या चौकटींसकट बैलगाड्यांवर घातल्या. आजींच्या घराचा उंबरा मात्र निघेना. नवऱ्याने पहारीने दोन दिवस झटापट केली, हाताला फोड आले, अखेर तो तिथेच राहिला. पुढे कित्येक वर्षे, उन्हाळ्यात पाणी हटले की आजी चालत काठापर्यंत जाऊन येत. घर दिसायचे नाही, गाळ दिसायचा. पण कुठे बघायचे ते ठाऊक होते. हे त्यांनी मला एकदा शेंगा सोलता सोलता सांगितले. रडल्या वगैरे नाहीत. सांगून झाल्यावर टरफले कोंबड्यांना टाकली.

मी घरी आलो आणि त्या रात्री उंबरा चांदीचा केला. सागाचे लाकूड पाण्यात कुजेल, चांदी चमकेल, असा काहीसा विचार असावा. राणीलाही ते शोभून दिसत होते.

पुस्तक छापायला जाण्यापूर्वीचे दिवस म्हणजे घरात लग्न असल्यासारखे. पूर्वी मुद्रिते टपालाने येत, आता मोबाइलवर येतात. मुखपृष्ठावर चित्रकाराने राणीच्या हातात तलवार दिली होती. माझ्या पुस्तकात तलवार नाही. "तलवार असली की मुलं पुस्तक उचलतात," असे मला समजावून देण्यात आले. मग लेखकाचे दोन मिनिटांचे मनोगत मोबाइलवर चित्रित करून हवे होते. ओढ्याकाठच्या उंबराखाली उभे राहून बोलावे म्हटले, तर तिसऱ्या वाक्याला मालगाडी आली. ती संपेपर्यंत मी हाताची घडी घालून उभा. मालगाड्या फार लांब असतात. डोक्यावर लदबदलेला उंबर होता. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही म्हणतात. ते असते फळाच्या आतच, शेकड्यांनी, आणि चिलटाएवढ्या गांधीलमाश्या आत शिरून आपले काम करून जातात. हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. मनोगतात हेच बोलावे असे वाटले. पण प्रकाशकांना 'नव्या पिढीला काय आवडेल' यावर बोलणे हवे होते. तेही बोललो.

शेवटची मुद्रिते आली त्या संध्याकाळी आजींची नात घरी आली होती. दहावीत आहे, वाचायची हावरी. तिच्या हाती मोबाइल दिला आणि म्हटले, आजीला वाचून दाखव. मला वाटले, उंबऱ्याचे प्रकरण ऐकून आजींना बरे वाटेल. खरे सांगायचे तर, माझे कौतुक होईल असे वाटले.

मुले पहिल्या पानापासून सगळे वाचतात. किंमत, आवृत्ती, छापखान्याचा पत्ता, काही सोडत नाहीत. तिनेही वाचले: या कादंबरीतील सर्व पात्रे, स्थळे व प्रसंग काल्पनिक आहेत, वगैरे. सहाही पुस्तकांत ही ओळ आहे. माझी नजर कधी तिच्यावर थांबली नव्हती.

"काल्पनिक मंजे?" आजींनी विचारले.

"खोटं, आजी. मनातलं," नात म्हणाली.

आजी काही बोलल्या नाहीत. तीन तोंडांचा राक्षस त्यांनी मान डोलावत ऐकला. तसा एखादा त्यांच्या पाहण्यातला असावा इतक्या सहज. बोलके डोंगरही चालले. मग राणी पाण्यात उतरली, चुली आल्या, जाती आली आणि उंबरा आला. आजींनी हात वर करून नातीला थांबवले.

"गुरुजी, उंबरा चांदीचा नव्हता. सागाचा व्हता. माज्या सासऱ्यानी घातला व्हता." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "आन् गाव खोटा का लिवला?"

मी काहीबाही सांगितले. कायदा असतो, वकील असतात, सगळ्या पुस्तकांत असेच लिहितात. आजींनी ऐकून घेतले. गुरुजी सांगतात म्हणजे तसे असेल, असा त्यांचा चेहरा होता. आणि तोच मला सोसवेना. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षे मी एका गोष्टीचा अभिमान बाळगून होतो: आपण नसलेले निर्माण करतो. पण इथे मी नसलेले निर्माण केले नव्हते. असलेले उचलून, त्याला मुलामा देऊन, वर 'हे नव्हतेच' अशी ग्वाही छापून देत होतो. ते गाव बुडवले धरणाने. नसल्याचा दाखला मात्र माझ्या सहीने निघत होता. राजा, राणी, राक्षस यांच्याबद्दल मी खुशाल शपथ घेईन. त्या उंबऱ्याबद्दल कशी घेऊ?

सकाळी प्रकाशकांना फोन केला. ओळ काढा म्हटले. ते म्हणाले, "अहो गुरुजी, पुस्तकात तीन तोंडांचा राक्षस आहे. खरं कोण मानणार? ओळ काय खाते तुमचं?" मी म्हटले, कोणी खरे मानणार नसेल तर ओळ हवी कशाला? ते म्हणाले, ती वाचकांसाठी नसते, त्यांच्या वकिलासाठी असते. दोन दिवस हे चालले. माणूस सज्जन, पदरचे पैसे घालून माझ्यासारख्याच्या पाचशे प्रती काढतो, त्याच्यापुढे किती ताणायचे? शेवटी 'स्थळे' हा एक शब्द काढायला ते कबूल झाले. पात्रे काल्पनिक, प्रसंग काल्पनिक. स्थळांविषयी पुस्तक काही बोलत नाही. एवढ्या एका शब्दासाठी मी आयुष्यात कधी भांडलो नव्हतो. माझ्या माहितीत तो गेल्याचे अजून एकाही परीक्षकाच्या लक्षात आलेले नाही.

आणि चांदी काढायला लावली. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीने संगणकावर शोधून चौदा ठिकाणी 'चांदीचा'चे 'सागाचा' केले. "सर, राणीचा उंबरा सागाचा? छान नाही वाटत," असे ती म्हणाली. मी म्हटले, मलाही आधी तसेच वाटले होते.

प्रती आल्या त्या ऐन भातकापणीत. लेखकाच्या दहा प्रतींचा गठ्ठा खर्डीहून रिक्षाने आणला, तेव्हा रस्त्यात जो तो विचारी, "गुरुजी, दिवाळीचं सामान का?" गावात कोणाला मान वर करायला सवड नव्हती, हळवे भात घरात येऊन पडले होते, गरवे उभे होते, आणि आभाळ भरून येत होते. शेजाऱ्याने हाक मारली म्हणून गठ्ठा ओटीवर टाकून भारे उचलायला गेलो. प्रकाशनाच्या दिवशीचा माझा समारंभ तो. पाठ चार दिवस दुखत होती.

मळणी आटोपल्यावर आजी आल्या, नातीला घेऊन. पुस्तक हातात घेऊन त्यांनी मागची किंमत विचारली, ऐकून "बया!" म्हणाल्या आणि ते दोन्ही हातांनी धरले. नातीने पहिल्या पानापासून सुरुवात केली. ती ओळ आली, गेली. आजींनी विचारले, "आता काय लिवलंय?" नातीने सांगितले, माणसं मनातली आहेत म्हणून. आजींनी मान हलवली. माणसांबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

उंबरा सागाचा झाला होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग शेवटच्या प्रकरणाजवळ नात वाचता वाचता अडखळली आणि मला दरदरून घाम फुटला. तिथे मी 'रुपेरी उंबरा' लिहिले होते. संगणकाने 'चांदीचा' शोधला, रुपेरी तसाच राहिला.

"रुपेरी मंजे?" आजी म्हणाल्या.

"चांदीसारखा," नात हळूच म्हणाली, माझ्याकडे बघत.

"सारका ना?" आजींनी थोडा विचार केला. "मंग बरोबर हाय. पुनवेच्या राती तसाच दिसायचा. वाच तू."

पुढच्या आवृत्तीत करायच्या दुरुस्त्यांची एक वही मी ठेवतो. मुखपृष्ठावरच्या तलवारीपासून तिच्यात बरेच काही टिपले आहे. त्या पानाचा आकडा तिच्यात घातलेला नाही.