अब्बांचं मस्कत

उन्हाळी सुट्टीतला दीड महिना आम्ही दोघे मस्कतला धाकट्या भावाकडे होतो. शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीहून अम्मी-अब्बा आले. तोवर मत्राचा सूक, कॉर्निश सारं पायाखालून गेलेलं. आता शहर आपण दाखवायचं, असा आमचा तोरा. अब्बांनी तो पहिल्याच दिवशी उतरवला. म्हणाले, "आधी रुवीला चला."

१९८२ ते १९९४ अब्बा इथे गवंडीकाम करत. दोन वर्षांतून एकदा घरी. आमच्या लेखी मस्कत म्हणजे बँकेचा ड्राफ्ट, अत्तराचा वास आणि कॅसेटमध्ये भरून पाठवलेला आवाज : "मी खुशाल आहे, फिकीर करू नका."

रुवीतली त्यांची खोली उरली नव्हती. तिथे आता मोबाइलची दुकानं. पण त्या रणरणत्या उन्हात अब्बा बोलत राहिले : एका खोलीत आठ जण, न्हाणीपुढे रांग, पहाटेची लॉरी. अम्मी गप्प उभी. हे कॅसेटमध्ये कधीच नव्हतं.

सुलतान काबूस मशीद २००१ ची, म्हणजे अब्बा परतल्यानंतरची. ४,३४३ चौरस मीटरचा इराणी गालिचा पाहून आम्ही थक्क. अब्बा मात्र बाहेरच्या भिंतीवर बोटं फिरवत राहिले. दगड हिंदुस्थानातून आलेला. "सांधा बघा," एवढंच म्हणाले.

परतीच्या विमानात अम्मीने विचारलं, "तिथे स्वयंपाक कोण करायचं?"

"पाळीपाळीने. माझी पाळी जुम्म्याला."

"आणि घरी कधी चहासुद्धा केला नाहीत!"